पॉसम टीमचे लांजेवार काका

मेक्सिकोत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा हॅमिल्टनमध्ये दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे तीन वाजलेले असतात. हे नोव्हेंबर ते मार्चचं गणित. ऑक्टोबरमध्ये दोनच वाजतात, कारण घड्याळं पुढेमागे करण्याच्या दोन्ही देशांच्या तारखा वेगळ्या आहेत. एप्रिलनंतरचं मी कधी पाहिलं नाही. तोवर बास्केटबॉलचा हंगाम संपलेला असायचा. माझा मेक्सिकोशी काही संबंध नाही. बास्केटबॉलशीही मुलाच्या शाळेपुरताच होता. हा हिशेब मला लांजेवार काकांमुळे पाठ झाला. ते न्यूझीलंड सोडून गेले त्याला तीन वर्षं होऊन गेली, आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. तरी सुट्टीच्या दिवशी घरी असलो की तीनच्या सुमारास माझं लक्ष घड्याळाकडे जातं.

काका म्हणजे आमच्या शेजारच्या निखिलचे वडील. निखिल नागपूरचा. इथे शिकायला आला, एका दूध कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात चिकटला, श्वेताशी लग्न केलं आणि इथलाच झाला. आई गेल्यावर एकुलता एक मुलगा म्हणून त्यानं वडिलांना रेसिडेन्सी मिळवून दिली आणि २०१४ च्या हिवाळ्यात रोटोटुनाला आणलं. हिवाळा म्हणजे जुलै.

रोटोटुना हा हॅमिल्टनच्या उत्तरेचा नवा भाग. करड्या छपरांची घरं, बुटकी कुंपणं, कापलेलं गवत. सकाळी साडेआठपर्यंत गॅरेजची दारं वर जातात, गाड्या निघतात, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत माणूस दिसत नाही. कुरिअरची गाडी येते, एखादं मांजर रस्ता ओलांडतं. हे मला एरवी कळलं नसतं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये माझी नोकरी गेली. बांधायच्या घराला लाकूड किती, काँक्रीट किती, पत्रा किती लागेल याचा अंदाज काढणं हे माझं काम. कंपनीनं तो विभाग बंद केला. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मुलगा ऑकलंडला युनिव्हर्सिटीत. मी दिवसभर घरी.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी बेल वाजली. दारात काका उभे होते. उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरलेला, खांद्यावर टॉवेल. त्याआधी आमचं बोलणं नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं.

“पाटणकर भाऊ, तुमच्याकडे इंटरनेट चालू आहे न? आमचं बंद पडून राहिलं.”

“चालू आहे. काही अर्जंट होतं का?”

“मॅच आहे. सुरू पण झाली असेल.”

“कुणाची?”

“मेक्सिकोची,” ते म्हणाले, आणि चपला हात न लावता काढून आत आले.

झालं होतं असं. काका आल्यावर त्यांची तेरा वर्षांची नात इरा हिनं त्यांना लॅपटॉप लावून दिला. आजोबांना बास्केटबॉल आवडतो एवढं तिला माहीत होतं. दुपारची वेळ होती. तिनं ‘बास्केटबॉल लाइव्ह’ असं टाइप केलं. त्या वेळी भारतात लोक झोपेतून उठत असतात, युरोपात मध्यरात्र उलटलेली असते. फुकट आणि थेट असा एकच सामना सापडला, मध्य मेक्सिकोतल्या कुठल्याशा गावातला. तो काकांनी पाहिला. मग त्याच टीमचा पुढचा पाहिला. मग ती टीम त्यांची झाली.

टीम व्यावसायिक होती, पगारी खेळाडूंची. पण गाव लहान, हॉल जुना. एकच कॅमेरा, तोही बहुधा कोणी हौशी माणूस चालवायचा. टीमचं स्पॅनिश नाव आम्हा दोघांनाही कधी धड उच्चारता आलं नाही. खेळाडूंच्या छातीवर पॉसमचं, मांजराएवढ्या लांब शेपटीच्या प्राण्याचं, चित्र होतं, म्हणून आम्ही ‘पॉसम टीम’ म्हणायचो.

निखिलकडचं इंटरनेट दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. काका तरी येत राहिले. आठवड्याला दोन सामने. मी नको म्हटलं नाही. मला तरी दुसरं काय होतं?

त्यांची बसायची एक पद्धत होती. सोफ्यावर बसायचे नाहीत. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून घ्यायचे आणि पाठ न टेकता, हात गुडघ्यांवर ठेवून पुढे वाकून बसायचे. वय त्र्याहत्तर. मी एकदा म्हटलं, “काका, आरामात बसा की.”

“बेंचवर टेकून बसायचं नसते भाऊ. टेकला की माणूस प्रेक्षक झाला.”

लॅपटॉपचा आवाज बंद ठेवायचे. तिथला समालोचक फार ओरडायचा आणि आम्हाला अक्षर कळत नव्हतं. समालोचन काका स्वतः करायचे, नागपुरी मराठीत. खेळाडूंना त्यांनी नावं ठेवली होती. सर्वांत उंच तो ‘खांब’. चेंडू पुढे आणणारा लहानखुरा तो ‘पोस्टमन’. येरझाऱ्या घालणारा कोच ‘मास्तर’. प्रत्येक टीममध्ये काही परदेशी खेळाडू असतात, बहुतेक अमेरिकन. ते दोन-चार महिने खेळतात आणि बदलले जातात. ते सगळे ‘पाहुणे’.

“अबे खांबा, हात वर कर न! झोपून राहिला का? आता पोस्टमन काय करते पाहा... दे, पाहुण्याला दे... घ्या! पाहुण्यानं घालवला. पाहुणाच तो, त्याला काय पडली आहे?”

टीमच्या बाकामागे पहिल्या रांगेत एक जाडशी बाई दर सामन्याला विणकाम घेऊन बसायची. तिचं नाव शकुबाई. ती दिसली नाही तर काका बेचैन व्हायचे. “शकुबाई नाही आल्या आज. बरं नसेल का?” आणि खेळाच्या चारांतल्या तिसऱ्या क्वार्टरला ती उशिरा येऊन बसली की मला कोपरानं ढोसायचे.

पण त्यांचं खरं लक्ष असायचं चौदा नंबरवर. चौदा नंबर हा टाळूवर केस विरळ झालेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला खेळाडू. खेळायचा नाही. मी पाहिलेल्या सामन्यांत त्याला एकदाही उतरवलेलं नव्हतं. टाइमआउट झाला, म्हणजे खेळ मिनिटभर थांबवला, की सगळ्यांत आधी तोच उठायचा. बाकाकडे येणाऱ्याला टॉवेल द्यायचा, बाटली द्यायचा, एखाद्याच्या मानेवर हात ठेवून कानात काहीतरी सांगायचा, आणि बसायचा.

“काय सांगत असेल तो?” मी विचारलं.

“जे दिसलं ते. मैदानातल्या पोराला समोरचे दोघं-तिघं दिसतात. बेंचवरच्याला दहाही दिसतात. तेच त्याचं काम.”

काका स्वतः सरकारी नोकरीत होते आणि त्यांच्या खात्याच्या टीममध्ये अकरा वर्षं होते. त्यातली बहुतेक बाकावर. हे त्यांनी लाजत सांगितलं नाही, मिरवलंही नाही. मला आकड्यांची सवय. मी विचारलं, अकरा वर्षांत प्रत्यक्ष मैदानावर किती वेळ मिळाला असेल?

“कोणी मोजला बाप्पा?” ते हसले. मग म्हणाले, “पण एकदाही बूट न बांधता बसलो नाही.”

निखिलचा विचार मला माहीत होता. नागपूरचं घर बंद होतं, किल्ली शेजाऱ्यांकडे. ते विकून टाकावं, म्हणजे बाबांचा जीव तिथे अडकणार नाही आणि ते इथे मनानं राहतील, असं त्याचं म्हणणं. मुलगा वाईट नव्हता. दर रविवारी सकाळी चहाच्या वेळी तो विषय काढायचा, आणि काका ना हो म्हणायचे ना नाही. त्यांचं एकच उत्तर होतं: “हंगाम संपू दे.” निखिलला वाटायचं, बाबा उन्हाळा म्हणताहेत.

त्या नाताळाच्या आधी निखिलनं बार्बेक्यू ठेवला. इथे पद्धत अशी की बोलावलेल्यांनी एकेक पदार्थ आणायचा. ऑफिसातले लोक होते, गल्लीतले होते. इरानं आजोबांसाठी त्या टीमचा टी-शर्ट इंटरनेटवरून मागवला होता. तो घालून काका अंगणात खुर्चीवर बसले होते. न्यूझीलंडमध्ये पॉसम म्हणजे ‘पेस्ट’, उपद्रवी प्राणी. झाडं खातो, पक्ष्यांची अंडी खातो, सरकार त्याच्यासाठी सापळे लावतं. निखिलच्या ऑफिसातला एक भला मोठा माणूस हातात बाटली घेऊन काकांसमोर उभा राहिला आणि छातीवरचं चित्र पाहून मोठ्यानं हसला. म्हणाला, आम्ही ह्याला गाडीखाली घेतो, तुम्ही छातीवर घेतलाय!

सगळे हसले. निखिलही हसला, थोडा अवघडून. काकांचं इंग्रजी जेमतेम. ते उठले, टी-शर्ट खाली ओढून चित्र सरळ केलं आणि एकेक शब्द ठेवत म्हणाले, “हिअर, पेस्ट. देअर, टीम. सेम अ‍ॅनिमल.”

“स्वीट अ‍ॅज, मेट,” तो माणूस म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, आणि त्यानं काकांच्या पाठीवर थाप मारली. मग तो सॉसेज घ्यायला गेला. काका परत बसले. पुढचा तासभर त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

नंतर मी खात्री करून घेतली. दोन्ही प्राणी एक नाहीत. मेक्सिकोतला वेगळा, इथला ऑस्ट्रेलियातून आणलेला. मी हे काकांना सांगितलं नाही. त्यांचं वाक्य तसंच चांगलं होतं.

इरा शाळेच्या टीममध्ये होती. इथे शाळांच्या सामन्यांना पंच मिळतात, पण गुण लिहायला आणि घड्याळ चालवायला दोन्ही बाजूंचा एकेक पालक बसावा लागतो. बहुतेक पालक टाळतात. माझ्या मुलाच्या वेळेपासून मला ते काम येत होतं, आणि आता वेळही होता, म्हणून निखिलनं मला गळ घातली. फेब्रुवारीत शाळा उघडल्यावर पहिल्या सामन्याला काकाही आमच्याबरोबर आले. पहिल्या पाच मिनिटांतच ते उभे राहून ओरडायला लागले.

“इरा! पाय चालव, पाय! चेंडूकडे काहून पाहून राहिली? तिच्या कमरेकडे पाहा, कमरेकडे!”

इरा इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीच. तिच्या मैत्रिणी वळून पाहायला लागल्या. एक जण काकांची नक्कल करायला लागली. सामना संपल्यावर गाडीपाशी ती काकांना म्हणाली, “आजोबा, प्लीज, प्लीज डोन्ट कम टु माय गेम्स.” आवाज चढवून नाही, विनवून.

“ओके,” काका म्हणाले. “ओके, बेटा. नो प्रॉब्लेम.”

त्यानंतर ते स्टेडियमपर्यंत यायचे पण आत यायचे नाहीत. गाड्या लावायच्या जागेत, निखिलच्या गाडीच्या बाजूला उभे राहायचे. ऊन असो, पाऊस असो. मध्यंतराला मी बाहेर जाऊन त्यांना गुण सांगायचो. ते गुण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “ते झालं. इरा किती वेळ बाहेर बसली?”

“पूर्ण एक क्वार्टर.”

“कशी बसली होती?”

हे मी टिपलेलं नसायचं. पुढच्या वेळेपासून पाहायला लागलो. “पुढे वाकून बसली होती,” मी एकदा सांगितलं. ते ऐकून त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, आणि वळून शेजारच्या गाडीच्या आरशात उगाचच पाहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी पॉसम टीमचा गावातला अखेरचा सामना होता. बाद फेरी कधीच हुकली होती. तरी हॉल भरलेला, इतका की लोक पायऱ्यांवर उभे. शकुबाईंनी विणकाम आणलं नव्हतं. काकांना आश्चर्य वाटलं. “शेवटची मॅच म्हणून आले असतील,” ते म्हणाले. “लोकांना कदर आहे पाहा.”

टीम हरत होती. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा मास्तर येरझाऱ्या थांबवून बाकाकडे वळला आणि त्यानं बोट दाखवलं. चौदा नंबर उठला.

काका उभे राहिले. मीही राहिलो. पहिल्यांदाच आमच्या खोलीत समालोचन थांबलं. चौदा नंबरनं गुडघ्याचा पट्टा वर ओढला आणि मैदानात गेला. त्यानं एकही गुण केला नाही. दोनदा चेंडू हातात आला, दोन्ही वेळा त्यानं तो पुढच्याला दिला. एकदा चुकीच्या बाजूनं धावला आणि परत फिरला. मग खेळ संपला. आणि लोक मैदानात उतरले. सगळेच. बायका, मुलं, म्हातारे. त्यांनी चौदा नंबरला मिठ्या मारल्या, खांबाला मारल्या, पोस्टमनला उचललं. मग ते सगळे मैदानात खालीच बसले, आणि बसूनच राहिले. कॅमेरावाल्यानं कॅमेरा तसाच सोडून दिला होता. तोही गेला असणार. शकुबाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या.

“बाप्पा रे,” काका म्हणाले. “एका बेंचवाल्यासाठी अख्खं गाव उतरलं!”

त्यांचे डोळे ओले झाले होते. ते तडक आमच्या स्वयंपाकघरात गेले. “वहिनींचा रवा कुठे आहे? तूप?” आणि तिथे उभं राहून त्यांनी शिरा केला. चांगला झाला, साखर जरा जास्त. डब्यात भरून स्वतः गल्लीत दिला. आमच्या समोरच्या कोरियन बाईंना दिला, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या गुजराथी माणसाला दिला. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. डेअरीवाल्यानं आनंद कशाचा ते विचारलं, “शानी खुशी, काका?” काका म्हणाले, “आमचा माणूस खेळला.”

संध्याकाळी निखिल मला कुंपणापाशी भेटला. चेहरा उजळलेला. “पाटणकर काका, बाबा हो म्हणाले! स्वतःहून म्हणाले, बेंचवरच्यालाही गाव आपलं म्हणते, विकून टाक घर. तुम्ही काही बोललात का?”

“मी काही बोललो नाही,” मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

दोन दिवसांनी मी टीमचं पान उघडलं. पुढचा हंगाम कधी सुरू होतो एवढंच पाहायचं होतं. पान स्पॅनिशमध्ये, कॉम्प्युटरकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. टीम विकली गेली होती. नवे मालक ती समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात नेणार होते, तिथे नवा हॉल होता. तो गावातला शेवटचा सामना म्हणजे त्या हॉलमधला शेवटचाच सामना होता, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. लोक मैदानात बसले होते ते निघवत नव्हतं म्हणून. आम्ही आवाज बंद करून पाहत होतो. आवाज चालू असता तर भाषा कळली नसती तरी रडणं कळलं असतं.

पुढच्या दुपारी सामना नसताना मी त्यांच्याकडे गेलो. काका एकटे, पडदे ओढून बसले होते. मी आहे तसं सांगितलं. गोष्ट गोल फिरवून सांगणं मला जमत नाही.

ते म्हणाले, “गावाला विचारलं होतं का?”

“माहीत नाही, काका. मालकाची टीम असते. विकता येते.”

“अन् खेळाडू?”

“त्यांचे करार आहेत. बहुतेक सगळे जातील.”

“चौदा?”

“त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली.

“मी शिरा वाटला बाप्पा,” ते म्हणाले. “त्या बाया रडून राहिल्या होत्या, अन् मी शिरा वाटला.”

“आपल्याला कुठे माहीत होतं?”

“नव्हतं न. तेच सांगून राहिलो.”

त्या हिवाळ्यात ते माझ्याकडे कमी आले. जूनमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा दुपारचं येणं आपोआपच थांबलं. निखिलनं नागपूरच्या एजंटशी बोलणं सुरू केलं होतं. गिऱ्हाइकं घर पाहून जात होती. काकांनी एकदाही मोडता घातला नाही. फक्त फोनवर एजंट विचारायचा, आत कोणतं सामान ठेवायचं, कोणतं काढायचं, तेव्हा ते म्हणायचे, “पाहू.” मी ऑफिसातून येताना कधी कधी त्यांना खिडकीत पाहायचो. मी हात करायचो, ते हात करायचे.

ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला. नव्या शहरातल्या पहिल्या सामन्यासाठी मी अर्धा दिवस रजा घेतली आणि त्यांना बोलावून आणलं. दुपारी दोन वाजता. काका त्याच खुर्चीवर, तसेच पुढे वाकून बसले.

आता चार कॅमेरे होते. चित्र स्वच्छ. हॉल चकचकीत, लाल आणि निळे दिवे, नाचणाऱ्या मुली. छातीवर पॉसम तोच होता. खांब होता, पोस्टमन होता, मास्तरही होता.

“टीम तीच आहे न?” काकांनी विचारलं.

“बारापैकी आठ जण तेच आहेत. मी मोजले.”

“चौदा?”

चौदा नंबरचा शर्ट होता. त्यात एक वीस-बावीस वर्षांचा पाहुणा होता, आणि तो सुरुवातीपासून खेळत होता. चांगला खेळत होता. बाकामागे पहिल्या रांगेत सूट घातलेली माणसं फोन पाहत बसली होती. टाइमआउट झाला. खेळाडू बाकापाशी आले आणि त्यांनी आपापल्या बाटल्या आपणच उचलल्या.

समालोचन काही झालं नाही. पोस्टमननं एक फार सुंदर बास्केट केली, तेव्हा काका हळूच म्हणाले, “हा खेळून राहिला बिचारा.” एवढंच. मध्यंतर झालं तेव्हा ते पुढे वाकले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. सामना अर्धा सोडून उठताना मी त्यांना तेव्हा प्रथमच पाहिलं. टीम जिंकत होती.

“चहा ठेवू?” मी म्हटलं.

“नको. निखिल आला की त्याच्याशी बोलायचं आहे. तुम्ही पण सोबत असा.”

साडेपाचला निखिल ऑफिसातून परस्पर आमच्याकडेच आला. टेबलापाशी उभा राहूनच त्यानं ऐकलं. घर विकायचं नाही आणि मी परत जातो, एवढंच काका म्हणाले.

“बाबा, तिथे कोण आहे तुमचं?” निखिलचा आवाज चढला. “आई नाही. तुमचा भाऊ गेला, तुमचे मित्र दामले गेले. रात्री काही झालं तर पाणी द्यायला माणूस नाही! कोण आहे, सांगा ना मला!”

“कोणीच नाही.”

“मग? आम्ही काही कमी केलं का? श्वेता काही बोलली? इरा बोलली?”

“नाही रे बाबा. सगळे चांगले आहात.”

“मग काय?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. मग निखिलला म्हणाले, “तिथं दाराची बेल वाजली तर मी दार उघडतो. कोण आहे विचारतो. मीटरवाला असते, भाजीवाली असते, पत्ता चुकलेलं पोरगं असते. मी सांगतो त्याला, बाबू, पलीकडची गल्ली. इथं बेल वाजली की मी पडद्यामागे उभा राहतो. माणूस जाईपर्यंत. सव्वा वर्ष झालं. हे तुला सांगितलं नव्हतं.”

निखिल खाली बसला.

“तुम्ही तरी समजावा,” तो मला म्हणाला. माझ्याच दारावर ते पहिल्यांदा आले तेव्हा बेल वाजवायला त्यांना किती धीर करावा लागला असेल, हे मला तेव्हा कळलं. पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

वाद पुढे तीन महिने चालला. श्वेता रडली. डॉक्टरांना दाखवलं, ब्लडप्रेशरचे आकडे काढले. मलाही ते आकडे दाखवले गेले. ते काही वाईट नव्हते. काका चिडले नाहीत आणि बधलेही नाहीत. शेवटी जानेवारीत निखिलनं तिकीट काढलं.

विमानतळावर सोडायला मीही गेलो. वाटेत जेवायला ऑकलंडच्या पापाटोएटो भागात थांबलो. तिथे भारतीय दुकानांची रांगच आहे. काकांनी डोसा निम्मा खाल्ला. निखिलनं विचारलं, “कुणासाठी काही घ्यायचंय का, बाबा? चॉकलेट वगैरे?”

“घे न. आहेत चार जण.” कोण ते त्यांनी सांगितलं नाही आणि निखिलनं विचारलं नाही. मधाच्या चार बाटल्या घेतल्या.

आपल्याकडच्या सगळ्याच आईवडिलांसाठी मुलं विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवतात. पाय चांगले असले तरी. म्हणजे सिंगापूरला विमान बदलताना कोणीतरी हाताला धरून नेतं, इंग्रजी बोलावं लागत नाही, वाट चुकत नाही. निखिलनंही सांगून ठेवली होती. खुर्ची घेऊन टोंगा बेटांकडचा एक तरुण आला, सहा फुटांच्या वर, खांदे दारासारखे. “किया ओरा, सर,” त्यानं इथल्या माओरी पद्धतीनं नमस्कार केला. काकांनी खुर्चीकडे पाहिलं, निखिलकडे पाहिलं, आणि बसले. निखिलनं त्यांच्या मांडीवर पिशवी ठेवली आणि पावलं नीट पायपट्टीवर ठेवली, लहान मुलाची ठेवतात तशी.

“आर यू गोना बी ओके, आजोबा?” इरानं विचारलं.

“यस, यस. गुड,” काका म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांना खुर्चीतून वर ताणावं लागलं, ती वाकली. निखिल पाया पडला. मी नमस्कार केला. “येतो भाऊ,” ते मला म्हणाले, आणि मग हळूच, “खुर्चीबद्दल बोलू नका निखिलला काही.”

तरुणानं खुर्ची वळवली. प्रवाशांच्या दारापलीकडे लांब सरळ मार्ग होता आणि दार कोणाच्या तरी सामानाच्या गाडीमुळे उघडं राहिलं होतं. त्यामुळे आम्हाला दिसलं. वीसेक पावलांवर काकांनी हात वर केला. खुर्ची थांबली. ते उठले. मांडीवरची पिशवी त्यांनी खुर्चीत ठेवली, तिचा पट्टा हाताला गुंडाळला आणि त्या तरुणाच्या बाजूनं चालायला लागले. त्याच्या खांद्याच्या खाली येत होते. मान वर करून त्यांनी त्याला काहीतरी विचारलं आणि मोकळा हात डोक्यावर उंच नेऊन मनगट पुढे झुकवलं, बास्केटमध्ये चेंडू टाकताना झुकवतात तसं. तरुण हसला. एका हातानं खुर्ची ढकलत त्यानंही दुसरा हात तसाच वर नेला. मग ती सामानाची गाडी निघाली आणि दार मिटलं.

“बसून राहा म्हणून सांगितलं होतं त्यांना,” निखिल म्हणाला. निरोपासाठी वर केलेला त्याचा हात तसाच वर होता.